सरावातले आठ गोल

गेल्या पंधरवड्यात या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच सामन्याविषयी आहेत. सांगलीतील एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाने हंगामापूर्वी कोल्हापूरच्या एका तालीम संघाशी, म्हणजे तालमीच्या नावाने खेळणाऱ्या फुटबॉल संघाशी, सराव सामना खेळला आणि तो ०-८ असा गमावला. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी असून संघाचा एकही सामना सहसा चुकवत नाही. त्या दिवशीही छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभा होतो. मध्यंतराला ०-२ होते, ते समजून घेता येते. परंतु उत्तरार्धात सहा गोल स्वीकारावे लागले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सहा आठवड्यांवर आली आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात प्रशिक्षक बदलण्याची मागणी जोर धरत असून प्राचार्यांना द्यायचे निवेदनही तयार झाले आहे. मी त्यावर सही करावी का? सामन्याचे मोबाइलवरचे चित्रण सोबत पाठवत आहे.
– एक माजी विद्यार्थी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण पाठवलेले चित्रण मी दोन वेळा पाहिले, आणि दुसऱ्यांदा पाहताना गोल न मोजता फक्त बचावफळीकडे लक्ष ठेवले. मध्यंतरानंतर प्रशिक्षकांनी सात खेळाडू बदलले. दोन्ही स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी खेळणारे बचावपटू, बाहेर गेले आणि त्यांच्या जागी, वयावरून पाहता, प्रथम वर्षाची मुले आली असावीत. त्याच वेळी बचावफळीला गोलजवळ न ठेवता जवळजवळ मध्यरेषेपर्यंत पुढे आणून प्रतिस्पर्ध्याला ऑफसाइडमध्ये अडकवण्याचा डाव मांडला गेला. चेंडू पुढे दिला जातो त्या क्षणी आघाडीवीर बचावफळीच्या मागे असेल, तर तो ऑफसाइड ठरतो; म्हणून हा डाव चारही बचावपटूंनी एकाच क्षणी पुढे सरकण्यावर अवलंबून असतो. तिसरा, चौथा आणि सहावा गोल पाहिला, तर प्रत्येक वेळी डाव्या बाजूचा बचावपटू दोन पावले मागे राहिलेला दिसतो, आणि तो मागे राहिला की समोरचा आघाडीवीर आपोआप ऑफसाइडमधून सुटतो. एकच चूक तीनदा झाली म्हणजे तीन चुका झाल्या, असे मी मानत नाही. नवी गोष्ट शिकताना जी चूक व्हायचीच ती झाली, आणि जिथे तिची किंमत मोजावी लागत नाही अशाच सामन्यात झाली, हे मला बरे वाटते.

गोल एकामागून एक का पडतात, याचेही कारण समजून घ्यावे. २०१४ च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जर्मनीने ब्राझीलला ७-१ असे हरवले, तेव्हा २३ व्या ते २९ व्या मिनिटाच्या दरम्यान चार गोल झाले. त्या दिवशी ब्राझीलचा कर्णधार आणि बचावाचा आधार असलेला थियागो सिल्वा निलंबनामुळे मैदानाबाहेर होता, तर नेमार जखमी होता. बचावाला आवाज देऊन जागेवर ठेवणारा माणूस नसला आणि पाठोपाठ गोल पडू लागले, की प्रत्येक खेळाडू आपली जागा सोडून चेंडूकडे धावतो, मागे मोकळे मैदान पडते आणि पुढचा गोल आधीच्यापेक्षा सोपा होतो. जगातल्या उत्तम खेळाडूंचे असे होऊ शकते, तर स्टॉपरच्या जागी नव्याने उभ्या राहिलेल्या दोन मुलांचे का होऊ नये?

प्रशिक्षक बदलण्याविषयी एक दाखला देतो. तो सराव सामन्याचा नसून प्रत्यक्ष ऑलिंपिकचा आहे, म्हणून तो अधिकच बोलका वाटतो. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेला आपला भारतीय संघ १९५२ मध्ये हेलसिंकीला युगोस्लाव्हियाकडून १-१० असा हरला. आपले अनेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले होते. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. तेच रहीमसाहेब १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकलाही प्रशिक्षक होते. तेथे नेव्हिल डिसूझा यांच्या तीन गोलांच्या बळावर भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले आणि अखेर चौथे स्थान मिळवले. पुढे १९६२ मध्ये जकार्तात त्यांच्याच मार्गदर्शनाखाली आशियाई सुवर्णपदक पुन्हा आले. दहा गोलांनंतर त्यांना घरी बसवले असते, तर भारतीय फुटबॉलचा हा काळ आपल्याला पाहायला मिळाला असता, असे मला वाटत नाही.

तरीही आपली काळजी सगळीच चुकीची आहे, असे मी म्हणणार नाही. शेवटचे दोन गोल ८० व्या मिनिटानंतरचे आहेत आणि त्या वेळी चित्रणात आपली मुले गुडघ्यांवर हात टेकून उभी आहेत. चेंडू त्यांच्यापासून पाच-सहा पावलांवर आहे आणि तरीही कोणी हललेले नाही. ज्या चिखलात ती खेळत होती त्याच चिखलात समोरचा संघही खेळत होता, त्यामुळे पावसाचे कारण येथे पुरे पडत नाही. सुटीत तीन-चार आठवडे धावणे बंद राहिले की दम लक्षणीयरीत्या कमी होतो आणि तो दोन-चार दिवसांत परत येत नाही. सहा आठवडे हाताशी असताना मला खरी चिंता याचीच आहे. निवेदन द्यायचेच असेल, तर सराव आठवड्यातून किती दिवस होतो, पावसात मैदान बंद असते तेव्हा मुलांना धावण्यासाठी कोणती जागा मिळते, सरावानंतर त्यांना पोटभर खायला मिळते का, याविषयी द्या. त्या निवेदनावर आपल्या सहीबरोबर माझीही सही घ्यावी.

प्रश्न : सराव सामन्यात सात-सात खेळाडू बदलण्याची मुभा असते का? आणि असे सामने आपल्यापेक्षा कमकुवत किंवा बरोबरीच्या संघाशी खेळवणे योग्य नाही का?
– एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : असते. मैत्रीपूर्ण सामन्यात किती बदली खेळाडू उतरवायचे, हे दोन्ही संघांनी आधी आपसांत ठरवून पंचांना कळवायचे असते. अधिकृत स्पर्धांत मात्र ही संख्या स्पर्धेच्या नियमांनी बांधलेली असते, आणि वरिष्ठ पातळीवर ती सहसा पाचपेक्षा अधिक नसते. म्हणूनच अधिकाधिक मुलांना खेळवून पाहण्याची संधी प्रशिक्षकाला सरावातच मिळते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की बरोबरीच्या संघाशी एखादा सामना अवश्य खेळवावा. परंतु कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर भरगच्च गर्दीसमोर खेळून तयार झालेल्या तालीम संघाचे खेळाडू चेंडू किती लवकर सोडतात, हे आपल्या मुलांना बरोबरीच्या संघाशी खेळून कधीच कळणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा या संघाचा गोलकीपर आहे. वय १९. सामन्यानंतर समर्थकांच्या गटात त्याच्याविषयी जे लिहिले गेले, ते मी येथे लिहू शकत नाही. त्याने सगळे वाचले आहे. चार दिवस तो सरावाला गेलेला नाही. त्याचे हातमोजे मी धुऊन गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातले होते, ते अजून तेथेच लोंबत आहेत. त्याला काय सांगू?
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, आपले पत्र मी अनेकदा वाचले. ज्यांनी तसे लिहिले त्यांचे संघावर प्रेम नाही असे मी म्हणणार नाही; परंतु १९ वर्षांच्या मुलाला त्याच्या आईसमोर उच्चारता येणार नाहीत असे शब्द लिहून पाठवणे हा अपराध आहे, आणि त्या गटातील ज्येष्ठांनी ते शब्द काढून टाकायला लावून आपल्या मुलाची माफी मागितली पाहिजे. हे सदर त्यांच्यापैकी काहीजण वाचतात, हे मला ठाऊक आहे.

आता खेळाविषयी. आठपैकी पाच गोलांत आघाडीवीर मोकळा सुटून एकटाच आपल्या मुलासमोर आला होता. अशा वेळी गोलकीपरने करायचे असते ते एवढेच, की पुढे येऊन कोन कमी करायचा आणि शक्य तितका वेळ पायांवर उभे राहायचे. पाचपैकी चार वेळा त्याने तेच केले. पाचव्या वेळी तो लवकर खाली बसला, ही त्याची चूक आहे आणि ती त्यालाही ठाऊक असेल. एका कॉर्नरवरचा गोलही त्याच्या हातून निसटलेल्या चेंडूमुळे झाला. परंतु ५५ व्या मिनिटाच्या सुमारास उजव्या खांबाजवळ त्याने बोटांच्या टोकांनी चेंडू बाहेर वळवला, तो बचाव आठ गोलांच्या गदारोळात कोणाच्याच लक्षात राहिलेला दिसत नाही. त्या चेंडूसाठी तो चिखलातून पूर्ण लांब झेपावला होता, आणि तेव्हा संघ पाच गोलांनी मागे होता. हरलेला सामना सोडून दिलेला मुलगा तशी झेप घेत नाही.

त्याला उपदेश करू नका. पत्र पाठवणाऱ्या त्या माजी विद्यार्थ्यांच्या संमतीने चित्रणाचा तेवढा भाग मी आपल्याला पाठवत आहे. तो त्याला दाखवा, आणि त्या चेंडूपर्यंत हात कसा पोहोचला, हे त्याच्याकडून समजावून घ्या.