वाडीच्या मंडळातर्फे अग्निशमन जवानांचा आणि पोलिसांचा सत्कार कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेल्या उन्हाळ्यात वाडीत आग लागली, बंबावरच्या लोकांनी ती विझवली, पोलीस रात्रभर थांबले, आणि आता मंडळाच्या सत्यनारायणाच्या पूजेला त्यांचा सत्कार करायचाय. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह ठरलंय. अजून काय करावं?

आधी पूजेच्या दिवसाचा बेत रद्द करा. पूजा जरूर करा, सत्कार त्या दिवशी नको. आम्ही नेमकं हेच केलं होतं आणि तोंडघशी पडलो होतो, म्हणून सांगतो.

मी देवगड तालुक्यातला, निवृत्त प्राथमिक शिक्षक, आमच्या मंडळाचा चिटणीस. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्या सड्यावर, म्हणजे वाडीच्या वरच्या कातळमाळावर, रात्री वणवा लागला. विजेच्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासल्या, ठिणगी खाली करडात पडली. मार्चमधलं करड कसं असतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आंब्याच्या कलमांवर सुपारीएवढी फळं धरलेली आणि खाली कागदासारखं वाळलेलं गवत. आम्ही नेहमीप्रमाणे ओले टहाळे घेऊन धावलो. दोन बाजू आवरल्या, तिसरी घरांकडे उतरायला लागली तेव्हा कुणीतरी 101 लावला. तो लागेना, मग 112 वर फोन केला. तिथून ठाण्याला कळलं आणि नगरपंचायतीचा बंब निघाला.

अठ्ठावीस किलोमीटर. वळणाचा रस्ता, रात्रीची वेळ. बंब आला तो वाडीच्या तोंडाशी अडला, कारण पुढे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. शिवाय कोपऱ्यावरचा गडगा (दगडी कुंपण) दोन वर्षांपूर्वीच कुणीतरी हातभर रस्त्यात सरकवून घेतला होता. (कुणी ते सगळ्या वाडीला ठाऊक आहे. मंडळाच्या कार्यकारिणीत आहे.) त्या चौघांनी नळ्या खांद्यावर घेतल्या आणि पाखाडी चढून गेले. बंबात साडेचार हजार लिटर पाणी. ऐकायला खूप वाटतं, पण एक नळी पूर्ण सोडली तर दहाएक मिनिटांत टाकी रिकामी. पाणी संपल्यावर फायरमन खाली आला तो पहिलं वाक्य हेच बोलला, "पाणी खय मिळतला?" आणि आम्ही पन्नास माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी.

तेव्हा ठाण्यातून आलेले हवालदार घरोघर दारं ठोठावत गेले. कुणाच्या बावीवर पंप आहे, कुणाचा चालतो, चावी कुणाकडे आहे. वीज तर आगीमुळे बंदच केलेली. शेवटी एकाचा डिझेल पंप सापडला, तो चालू करून बावीतून टाकी भरली. त्यांच्याबरोबर आलेली महिला शिपाई वरच्या घरातल्या म्हातारीच्या गोठ्यात शिरली. दाव्याची गाठ सुटेना. म्हैस ओढ घेत होती, गाठ आणखी आवळत होती. तिने भिंतीवर अडकवलेली कोयती काढून दावं कापलं आणि म्हशीमागोमाग स्वतः बाहेर आली. हे मला त्या रात्री कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारी कापलेलं दावं हातात घेऊन वाडीभर फिरत होती तेव्हा कळलं.

पहाटे पाचला आग विझली. पंधरा-वीस कलमं गेली, घर एकही गेलं नाही.

आता सत्कार. मे महिन्यात चाकरमानी आलेले, पूजा ठरलेली, म्हटलं एकाच मांडवात उरकू. सातची वेळ दिली आणि मंडळी बरोबर सातला हजर. मग आरती, मग पाहुण्यांचं स्वागत, मग पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्यांचं स्वागत, संगीत खुर्चीची बक्षिसं, देणगीदारांची यादी. पावणेदहाला निवेदकाने चालकाचं नाव पुकारलं, तेही चुकीचं. चालक उठले आणि त्याच क्षणी त्यांचा फोन वाजला. वर्दी, म्हणजे आग लागल्याची खबर. पाच मिनिटांत बंब धुरळा उडवत गेला. शाली खुर्चीवर राहिल्या, नारळ पूजेच्या राशीत मिसळले, आणि प्रमुख पाहुण्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे हात करून शौर्यावर वीस मिनिटं भाषण केलं.

घरी येऊन झोप लागेना. अपमान केला हे तर होतंच, पण खरी गोष्ट मला रात्री उशिरा सुचली. मंडळी बंब घेऊनच आली होती, कारण सगळी ड्युटीवर होती. म्हणजे एका नारळासाठी आम्ही पूर्ण शहराचा बंब तीन तास अठ्ठावीस किलोमीटर लांब आणून उभा केला होता. त्या दिवशीची वर्दी एका दुकानाची होती. फार नुकसान झालं नाही, पण झालं असतं तर?

म्हणून पहिली गोष्ट, त्यांना बोलावू नका, तुम्ही जा. त्यांच्या केंद्रावर किंवा ठाण्याच्या आवारात, सकाळी, अर्ध्या तासात. बंब दाराकडे तोंड करून उभा राहू दे.

दिवस कुठला? अग्निशमन सेवा दिन 14 एप्रिलला असतो. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन या जहाजावर आग लागली. आत कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं. स्फोट झाले त्यात मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आणि पुढे आठवडाभर सप्ताह. दिवस योग्य आहे, पण 14 एप्रिल म्हणजे बाबासाहेबांची जयंती, म्हणजे तुमचे पोलीस मिरवणुकीच्या बंदोबस्तात. पोलीस स्मृतिदिन 21 ऑक्टोबरला. 1959 साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस जवान मारले गेले, त्याची आठवण. तो मानवंदनेचा दिवस आहे, तिथे आपल्या शाली नकोत. शिमगा, गणपती, जत्रा हे तर विचारूच नका. आपण नाचतो तेव्हा ते उभे असतात.

आम्हाला सोयीचा सापडला तो जानेवारीचा पहिला आठवडा. 2 जानेवारी 1961 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला. तो पोलीस स्थापना दिन, आणि त्यानिमित्त 2 ते 8 जानेवारी सप्ताह साजरा होतो. शाळेची मुलं ठाणं बघायला येतात, बंदुका, वायरलेस दाखवतात. त्या गर्दीतच तुमचा कार्यक्रम बसतो, वेगळा मांडव लागत नाही.

दुसरी गोष्ट परवानगीची. पोलीस हे शासकीय कर्मचारी, त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू. त्या नियमांप्रमाणे वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय स्वतःच्या गौरवाच्या सभेला जाणं, मानपत्र घेणं चालत नाही. भेटवस्तूंचे नियम वेगळे आहेतच. तुम्ही प्रेमाने चांदीचं नाणं द्याल आणि त्या बिचाऱ्याला खुलासा लिहीत बसावं लागेल. पोलीस अधीक्षकांच्या नावे एक अर्ज लिहा, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांमार्फत पाठवा. अग्निशमनवाल्यांसाठी नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना. एमआयडीसीचा बंब आला असेल तर तिथल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना. पंधरा दिवस हातात ठेवा.

तिसरी गोष्ट मला चालकाने शिकवली. त्या फसलेल्या पूजेनंतर आठवड्याने मी शाली पिशवीत घालून केंद्रावर गेलो. माफी मागितली. ते हसले. म्हणाले, "गुरुजी, शाली घरात सात आसत. एक कागद द्या, तो कामाक येतलो."

कागद म्हणजे पत्र. तिथले चारपैकी तिघे कंत्राटी, अकरा महिन्यांच्या आदेशावर. त्यांना सेवापुस्तक नाही, बढती नाही. पुढच्या भरतीला किंवा मुदतवाढीला फाइलमध्ये लावण्यासारखं काही असेल तर असली पत्रं. हवालदारांचंही तेच, फक्त त्यांच्याकडे व्यवस्था आहे. अधीक्षकांकडून बक्षीस किंवा प्रशस्तिपत्र मिळालं की सेवापुस्तकात नोंद होते. किती बक्षिसं झाली हे पोलीस तोंडपाठ सांगतात. महाराष्ट्र दिनाला जाहीर होणारं पोलीस महासंचालकांचं सन्मानचिन्ह ही फार पुढची पायरी, पण तिकडे जाणारी वाटही अशाच नोंदींची. गावाने कळवलंच नाही तर वरच्या साहेबाला म्हशीचं दावं कसं कळणार?

आम्ही ग्रामसभेत अभिनंदनाचा ठराव घेतला, ठरावाची प्रत पत्राला जोडली. पत्रात विशेषणं कापली. माझ्या पहिल्या मसुद्यात "जिवाची पर्वा न करता" दोनदा होतं. त्याऐवजी वेळा घातल्या: वर्दी कितीला, पोचले कितीला, पाणी कुठून भरलं, कोण कुठे होतं. चार-पाच ओळी प्रत्येकाच्या नावे, वेगळ्या.

कार्यक्रमातही तेच वाचलं. जानेवारीत ठाण्याच्या आवारात, सकाळी अकराला. पाहुणे नाहीत, भाषण नाही. आमच्या वाडीची वीस माणसं, म्हातारी, आणि शाळेची मुलं. मी फक्त त्या रात्रीचा क्रम वाचला. हवालदारांची मुलगी सहावी-सातवीतली असेल, आईबरोबर आली होती. डिझेल पंपाचं ऐकून ती बापाकडे बघत म्हणाली, "तुम्ही तर सांगितलात, बंदोबस्ताक गेलंलय." घरच्यांना जरूर बोलवा. नंतर घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, दोन्ही वाडीतल्या बायकांनी करून नेलं होतं. बंबाचे चालक बंबाजवळच उभे राहून खात होते. पावणेबारापर्यंत सगळं संपलं.

महिला शिपाईला काय द्यावं यावर म्हातारीने आमचं कुणाचं ऐकलं नाही. तिने ते कापलेलं दावं आणलं होतं. नियमात बसतं का हे मी कुणाला विचारलं नाही.

एक गोष्ट राहिली, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि जिला टाळ्या मिळत नाहीत. आम्ही सत्काराच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांत वाडीच्या तोंडाशी एक पाटी लावली: पाणी कुठे, डिझेल पंप कुणाकडे, फोन नंबर. गडगा मागे घेतला. तो घेताना कार्यकारिणीची जी बैठक झाली ती इथे लिहिण्यासारखी नाही. दर वर्षी फेब्रुवारीत घरांच्या वरच्या अंगाला गवत कापून पट्टा मोकळा करतो. तुमच्या वाडीतही बंब कुठपर्यंत येतो हे एकदा चालकाला दिवसाउजेडी बोलावून दाखवा. आमचे चालक स्वतःच्या मोटारसायकलवरून आले, वळण पायाने मोजलं आणि म्हणाले, "आता आत येतलो."

पोलिसांच्या बाबतीत एक सांगतो, लोक म्हणतात आगीत त्यांचं काय काम. 2022 साली लांज्याजवळ अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर नदीत कोसळला, तेव्हा महामार्ग बंद करून वाहतूक दुसऱ्या रस्त्यांनी वळवावी लागली. अशा वेळी फाट्यावर उभं राहून शिव्या कोण खातं? 2023 मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली त्या रात्री नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी डोंगर चढतानाच हृदयविकाराने गेले. ते आगीत गेले नाहीत, चढावर गेले. यादी करताना "प्रत्यक्ष आग कुणी विझवली" असा निकष लावू नका. फोन घेणारा, गाडी चालवणारा, फाट्यावर उभा राहिलेला होमगार्ड, तुमचा पोलीस पाटील, सगळे घ्या.

आणि तुमच्याकडे गाऱ्हाण्याची, म्हणजे देवाला सगळ्यांच्या वतीने साकडं घालायची, पद्धत असेल तर तीही वापरा. आमच्या गावकरांनी (गावच्या मानकऱ्यांनी) त्या वर्षी देवळात गाऱ्हाणं घालताना स्वतःहून एक ओळ वाढवली, "आग इझवूक इलेल्यांका, रात जागवलेल्या पोलिसांका, तेंच्या पोराबाळांका सुखी ठेव रे म्हाराजा." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

पत्र लिहिताना एक चूक टाळा, आम्ही केली होती. आग शनिवारी रात्री लागली म्हणून मी शनिवारची तारीख घातली. चालकांनी पत्र हातात घेतलं, वाचलं, परत दिलं. वर्दी रात्री एक चाळीसची, म्हणजे त्यांच्या नोंदवहीत रविवारची तारीख. दोन कागद जुळले नाहीत तर साहेब पत्र बाजूला ठेवतात. मी घरी येऊन पुन्हा टाइप करून नेलं. त्यांनी तारीख बघितली, मग घडी घालून लायसनच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं.