वाचकांचे प्रश्न : बार्बाडोसचा किनारा आणि तिथलं ताट

उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर परदेशी सहलींबद्दल बरीच विचारणा होते. या वेळी बार्बाडोस या कॅरिबियन बेटाबद्दलचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंच जाणार आहोत. मे महिन्यात नऊ दिवसांची रजा मिळते. एजंटानं बार्बाडोस, सेंट लुसिया आणि त्रिनिदाद अशी तीन बेटं एकाच सहलीत बसवली आहेत. आमच्याकडं अमेरिकेचा किंवा इंग्लंडचा व्हिसा नाही. बुकिंग करावं का? (लातूर)

उत्तर : या स्वरूपात करू नका. भारतातून बार्बाडोसला थेट विमान नाही. मुंबई ते लंडन साधारण दहा तास, तिथून बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाऊन आणखी साडेआठ-नऊ तास, मधला थांबा वेगळाच. लातूरहून मुंबई गाठण्याची रात्र त्याच्याही आधीची. बार्बाडोसचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं आहे, त्यामुळं परतीला कॅलेंडरवरचे दोन दिवस जातात. नऊ दिवसांतून हाती उरतात पाच रात्री. त्यात तीन बेटं घातली तर निम्मा वेळ विमानतळांवर जाईल. पाचही रात्री एकाच बेटावर, एकाच खोलीत काढा. बार्बाडोस जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे. कुठंही राहिलात तरी बाकीचं बेट दिवसभरात जाऊन येण्यासारखं.

आता व्हिसा. पर्यटनासाठी बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचा पत्ता हाताशी ठेवा. अडचण येते ती वाटेत. अमेरिकेतून जाताना नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमध्ये विमानतळाच्या आतच राहून दुसरं विमान पकडणार असाल, तर विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा पुरतो; अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर त्याचीही गरज नसते. हीथ्रोला उतरून गॅटविकहून, म्हणजे लंडनच्याच दुसऱ्या विमानतळावरून, निघायचं असेल, रात्र लंडनला काढायची असेल किंवा सामान तिथं उतरवून घ्यावं लागत असेल, तर मात्र हा व्हिसा चालत नाही. इमिग्रेशन ओलांडण्याचा वेगळा व्हिसा काढावा लागतो.

लोक नेमके इथंच अडकतात. स्वस्त पडतं म्हणून मुंबई-लंडन आणि लंडन-ब्रिजटाऊन अशी दोन सुटी तिकिटं घेतली जातात. सुट्या तिकिटांवर सामान बहुधा शेवटपर्यंत जात नाही, ते लंडनला ताब्यात घ्यावं लागतं, आणि मुंबईच्या काउंटरवरच प्रवास थांबतो. म्हणून एकाच तिकिटावर, एकाच विमानतळावरून, सामान थेट ब्रिजटाऊनपर्यंत, असं बुकिंग मागा. पैसे भरण्याआधी इंग्लंड सरकारच्या व्हिसा संकेतस्थळावर आपला मार्ग टाकून पाहा. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला पुणे किंवा मुंबई गाठावं लागेल, तो दिवसही हिशेबात धरा.

त्रिनिदादबद्दल आणखी एक. भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत त्रिनिदाद आहे, बार्बाडोस नाही. त्रिनिदादहून सहा दिवसांच्या आत भारतात आलात आणि लसीचं पिवळं पुस्तक नसेल, तर विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस सरकारनं नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. एजंटानं हे सांगितलं नसेल, तर त्याच्या बाकीच्या आखणीकडंही नीट बघा.

प्रश्न : मला विहिरीत पोहता येतं, बायकोला अजिबात नाही. कुठल्या किनाऱ्यावर राहावं? (जालना)

उत्तर : बेटाच्या पश्चिमेला कॅरिबियन समुद्र आहे आणि पूर्वेला अटलांटिक. पश्चिमेचं पाणी बहुतेक दिवस शांत असतं. ब्रिजटाऊनजवळचा कार्लाइल बे तुमच्यासाठी सगळ्यांत चांगला. तिथं उथळ, संथ पाणी आहे. थोडं आत गेलं की बुडालेल्या बोटी आणि समुद्री कासवं दिसतात. तुमच्या पत्नीला लाइफ जॅकेट घालून, बोटवाल्याच्या सोबतीनं तीही पाहता येतील. कासवांना हात लावू नका, खायला घालू नका.

पूर्वेचं बाथशेबा बघायला जरूर जा, पण पाण्यात उतरू नका. लाटा थेट अटलांटिकवरून येतात आणि पाण्याची ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत नेते. विहिरीचं पाणी जागेवर असतं, इथलं माणसाला हलवतं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत तिच्या बाहेर पडा आणि मग वळा. लाल बावटा असेल तिथं गुडघाभर पाण्यातही नको.

मुक्कामाला दक्षिण किनाऱ्यावरचं हेस्टिंग्ज, वर्दिंग किंवा सेंट लॉरेन्स गॅप निवडा. पश्चिम किनारा देखणा आहे, पण महागडी हॉटेलं तिकडंच जास्त. दक्षिणेला बस पटापट मिळतात, खायच्या जागा पायी अंतरावर आहेत आणि ऑइस्टिन्सचा मासळी बाजार जवळ आहे. किनारे सगळे सार्वजनिक आहेत; पश्चिमेच्या मोठ्या हॉटेलांसमोरच्या वाळूवरही कुणी अडवू शकत नाही.

किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड दिसतं. त्याचं हिरवं, सफरचंदासारखं फळ विषारी असतं आणि चिकानं कातडीवर फोड येतात. बऱ्याच झाडांच्या खोडावर लाल पट्टा मारलेला असतो. पाऊस आला की लोक नेमके झाडाखाली पळतात. पानांवरून निथळणारं पाणीही भाजतं, म्हणून या झाडापासून दूरच राहा.

प्रश्न : मे की दिवाळीची सुट्टी? (बीड)

उत्तर : मे. जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत वादळांचा मोसम असतो. मे कोरडा असतो आणि डिसेंबर ते एप्रिलच्या गर्दीपेक्षा खोल्या स्वस्त पडतात. मात्र मेच्या सुमारास सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ वाहून येतं आणि कुजलं की घाण वास सुटतो. ते पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर जास्त साचतं. तसं झालं तर पोहायला पश्चिमेकडं जा.

प्रश्न : मी मासे खाते, हे शाकाहारी. अंडंही चालत नाही. दोघांचं भागेल का? (नांदेड)

उत्तर : तुमची चंगळ आहे. शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला जा. कोळ्यांच्या वस्तीतल्या टपऱ्यांवर मार्लिन, टूना, माही-माही असे मासे निखाऱ्यावर भाजून किंवा तळून मिळतात. साडेसहाच्या सुमारास पोचलात तर बसायला जागा मिळेल, आठनंतर रांगा लागतात. गर्दी नको असेल तर इतर दिवशीही टपऱ्या उघड्या असतात. फळ्यावर ‘डॉल्फिन’ लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, तिथं माही-माही माशालाच तसं म्हणतात. उडता मासा डिसेंबर ते जून मुबलक असतो, म्हणजे मेमध्ये ताजा मिळेल.

शाकाहारी माणसाला मात्र विचारून खावं लागतं. ‘राइस अँड पीज’ म्हणजे बहुधा तुरीचे दाणे घातलेला भात. आपल्याकडच्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटतो, पण त्यात चवीसाठी खारवलेलं डुकराचं मांस टाकायची पद्धत आहे. मॅकरोनी पाय चीजची असते, पण तिच्यात अंडं असू शकतं. फिश केक नावाच्या भज्यांत खारा मासा असतो. निर्धास्त खाण्यासारखं म्हणजे भाजलेलं ब्रेडफ्रूट (नीरफणस), हरभऱ्याची भाजी भरलेली रोटी आणि रास्ताफारी पंथाच्या लोकांच्या ‘आयटल’ खाणावळी. तिथं मांस नसतंच. केळ्याचे तळलेले काप घेताना मात्र ते मासे तळलेल्याच तेलातले आहेत का, ते विचारा. नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. मांस नको, मासा नको, अंडं नको, असं तिन्ही वेगवेगळं सांगा.

पिवळा पेपर सॉस स्कॉच बॉनेट मिरचीचा असतो. रोज ठेचा खाणाऱ्यानंही आधी थेंबभर घेऊन पाहावा.

प्रश्न : पैसे कसे न्यावेत? फिरायला टॅक्सी की बस? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : फॉरेक्स कार्डात अमेरिकन डॉलर भरा, थोडे सुट्या नोटांत ठेवा. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर. हा दर १९७५पासून बांधलेला आहे. अमेरिकन नोटा बहुतेक ठिकाणी चालतात, सुटे मात्र बार्बाडोस डॉलरमध्ये परत येतात. ते बेट सोडण्याआधी संपवा, बाहेर कुणी बदलून देत नाही.

टॅक्सीला मीटर नसतं. बसण्याआधी भाडं ठरवा आणि लगेच विचारा, ‘बेजन की यूएस?’ म्हणजे बार्बाडोस डॉलर की अमेरिकन. हे न विचारल्यानं दुप्पट पैसे जातात. हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क धरलेलं असेल तर वेगळी टीप देऊ नका.

रोजच्या फिरण्याला बसच घ्या. कुठंही उतरा, साडेतीन बार्बाडोस डॉलर. निळ्या सरकारी बसमध्ये मोड परत मिळत नाही. पिवळ्या मिनीबस आणि पांढऱ्या व्हॅन खासगी आहेत, जोरात गाणी लावून धावतात, पण वारंवार येतात. थांब्यावर ‘टू सिटी’ म्हणजे ब्रिजटाऊनकडं, ‘आउट ऑफ सिटी’ म्हणजे उलट दिशेला.

टूर पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जाईल. पावती जपा, आयकर विवरणपत्रात ती रक्कम वळती करून घेता येते.

प्रश्न : खिचडीसाठी छोटा इलेक्ट्रिक कुकर न्यावा का? (हिंगोली)

उत्तर : चालणार नाही. तिथं वीज ११५ व्होल्टची आहे. निम्म्या दाबावर आपला कुकर किंवा किटली चौथाई उष्णता देते, पाणी कोमट होऊन बसतं. मोबाइलचा चार्जर बहुधा चालतो, फक्त चपट्या पिनांचा अडॅप्टर घ्या. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वाटेतल्या प्रवासाला पुरेल एवढीच बांधा. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे. बॅगेत लष्करी छापाचे कपडे ठेवू नका. तिथं ते घालणं गुन्हा आहे, अगदी लहान मुलांनाही.

प्रश्न : बार्बाडोसचं ‘कू-कू’ घरी करून पाहिलं, मक्याच्या पिठाचा चिकट गोळा झाला. काय चुकलं? (धाराशिव)

उत्तर : पीठ चुकलं. भाकरीचं मऊ पीठ घेतलं की स्टार्च एकदम सुटतो आणि लगदा होतो. मक्याचा बारीक रवा घ्या. एक वाटी रवा एक वाटी गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा. कोरडा रवा उकळत्या पाण्यात टाकला तर प्रत्येक गाठीचं बाहेरचं आवरण शिजतं आणि आत पाणी शिरत नाही.

सहा-सात कोवळ्या भेंड्या पातळ चकत्या करून, अडीच वाट्या पाण्यात मीठ घालून आठ-दहा मिनिटं उकळा. गाळा, पण ते बुळबुळीत पाणी टाकू नका. कू-कूचा मऊपणा त्यातूनच येतो. जाड बुडाच्या पातेल्यात भिजवलेला रवा मंद आचेवर ठेवा आणि भेंडीचं पाणी पळी-पळीनं घालत लाकडी उलथन्यानं सतत घोटा. एक पळी पूर्ण जिरली की दुसरी. पंधरा-वीस मिनिटांत मिश्रण कडा सोडू लागेल, तेव्हा भेंडी आणि चमचाभर लोणी घाला. लोणी लावलेल्या वाटीत दाबून ताटात उपडं करा.

वरचा रस्सा लोण्यात कांदा, लसूण, ढोबळी मिरची आणि टोमॅटो परतून करा. त्यात थाइम हा सुवासिक पाला घालतात; तो मिळत नसेल तर कुंडीतलं ओव्याचं पान बारीक चिरून घाला. कॅरिबियनमध्येही ते रुंद पानाचं थाइम म्हणून वापरतात. उडत्या माशाच्या जागी मरळ घ्या, तिच्यात काटे कमी असतात. लिंबू-मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग तुकडे रश्शात सोडून झाकणाखाली सात-आठ मिनिटं शिजवा. मासे नको असतील तर उकडलेले हरभरे. कू-कू गार होताच घट्ट होतं, तेव्हा आधी रस्सा तयार ठेवा. उरलंच तर सकाळी वड्या पाडून तव्यावर खरपूस भाजा.