मिशिगनमध्ये कार विमा घेताना अमर्याद पीआयपी घ्यावा की २,५०,००० डॉलरचा?

तुम्ही नुकतेच मिशिगनमधल्या नोव्हाय शहरात राहायला आलात. एजंटचं म्हणणं, कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स आहे तर २,५०,००० डॉलरचा पीआयपी, म्हणजे अपघातानंतर तुमच्या उपचाराचा खर्च देणारा कार विम्याचा भाग, पुरे. त्यात कायदा पुन्हा बदलणार असं तुमच्या कानावर आलंय, म्हणून तोवर स्वस्तातलं घेऊन थांबावं का, असा प्रश्न आहे. माझं मत: थांबू नका, अमर्यादच घ्या. हप्ता खाली आणायचा असेल तर कोलिजनचं, म्हणजे टकरीत गाडीचं नुकसान भरून देणाऱ्या भागाचं, डिडक्टिबल (आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) वाढवा. गाडी मोडली तर दुसरी घेता येते.

मी इथे एका रिहॅबमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. मेंदूला किंवा मणक्याला मार लागलेले अपघातग्रस्त हेच माझे रुग्ण, त्यामुळे या कायद्याचे परिणाम मी रोज बघते.

थोडी पार्श्वभूमी. १९७३ पासून इथला नियम असा होता की चूक कोणाची हे न बघता ज्याच्या-त्याच्या विमा कंपनीने उपचाराचा खर्च द्यायचा, गरज असेल तर आयुष्यभर, आणि त्याला वरची मर्यादा नाही. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता भरपाई मिळते, पण ती ठरावीक रक्कम असते: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. मिशिगनची सोय फार मोठी होती आणि हप्तेही तसेच जबर होते, डेट्रॉइटमध्ये तर लोकांना परवडेनासे झाले होते. म्हणून ३० मे २०१९ ला गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी बदलांवर सही केली आणि जुलै २०२० पासून ग्राहकाला मर्यादा निवडायची मुभा मिळाली. हप्ते कमी व्हायला हवे होते, यात वाद नाही. पण कायद्याने सांगितलेली कपात पूर्ण हप्त्यावर नव्हती, फक्त पीआयपीच्या भागावर होती. म्हणून एजंटकडून दोन्ही पर्यायांचे आकडे लेखी मागवा. फरक पाहिल्यावर बरेच जण अमर्यादवर येतात.

खरा घाव बसला तो जुलै २०२१ मध्ये. ज्या सेवेला मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, दर नाही, तिला जानेवारी २०१९ मध्ये जो दर होता त्याच्या ५५ टक्केच द्यायचे, असं कलम लागू झालं. घरी येऊन रुग्णाची काळजी घेणारे अटेंडंट नेमके यात सापडले. शिवाय घरच्यांनीच काळजी घेतली तर आठवड्याला ५६ तासांपर्यंतचेच पैसे. आता मानेखालचं शरीर लुळं पडलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडाशी चट्टा पडतो आणि तो हाडापर्यंत जातो. गळ्यातल्या नळीत कफ अडकला की त्याच क्षणी सक्शन लावावं लागतं, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत. हे काम आठ तासांनी संपत नाही. कित्येक एजन्सींनी असे रुग्ण घेणं बंद केलं. माझ्या एका रुग्णाच्या आईने नोकरी सोडून रात्रपाळी स्वतःकडे घेतली. तिचे सुजलेले गुडघे बघून मला फार वाईट वाटायचं.

३१ जुलै २०२३ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ११ जून २०१९ च्या आधी ज्यांचा अपघात झाला, त्यांना हे दर आणि ही तासांची मर्यादा लागू नाही. जुन्या रुग्णांचा जीव भांड्यात पडला. तुम्ही-आम्ही मात्र त्या तारखेनंतरचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिनेटने हे दर सुधारणारी विधेयकं मंजूर केली, पण प्रतिनिधिगृहात ती अडकली आणि त्या सत्राबरोबर गेली. दर सुधारायलाच हवेत, आणि तुम्हाला मत देता येत नसलं तरी तुमच्या भागाच्या आमदाराला पत्र जरूर लिहा. पण एक ध्यानात घ्या. ती विधेयकं उपचार करणाऱ्यांच्या दरांबद्दल होती. ती मंजूर झाली असती तरी तुम्ही निवडलेले २,५०,००० काही वाढले नसते. अपघाताच्या दिवशी पॉलिसीवर जे लिहिलंय तेच मिळतं.

हेल्थ इन्शुरन्सबद्दल एजंट अर्धंच सांगतोय. तो हॉस्पिटलचं बिल भरेल. वर्षानुवर्षं घरी लागणारा अटेंडंट, व्हीलचेअरसाठी रुंद केलेले दरवाजे, लिफ्ट बसवलेली व्हॅन यांचे पैसे सहसा देत नाही. काही कंपन्यांच्या प्लॅनमध्ये तर वाहन अपघातच वगळलेले असतात, तेव्हा एचआरकडून लेखी घ्या. आणि तुम्ही एच-१बी व्हिसावर असाल तर नोकरी गेली की तो विमाही जातो.

बॉडिली इंज्युरीची, म्हणजे तुमच्या चुकीने दुसऱ्याला इजा झाली तर द्यायच्या भरपाईची, रक्कमही कमी करू नका. समोरच्याने कमी पीआयपी घेतला असेल आणि चूक तुमची असेल, तर त्याच्या मर्यादेवरचा उपचारखर्च तो आता तुमच्यावर दावा लावून मागू शकतो. कायद्याने ठरवलेली २,५०,०००/५,००,००० डॉलरची (एका माणसासाठी/एका अपघातासाठी) पातळी आहे, निदान तिच्या खाली जाऊ नका. एजंट ५०,०००/१,००,००० सुचवेल, तेव्हा सरळ नाही म्हणा.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण आपल्या लोकांच्या बाबतीत नेहमी राहून जाते. आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतात आणि मागच्या सीटवर बसतात. ते मिशिगनचे रहिवासी नाहीत आणि त्यांच्या नावावर इथे नोंदवलेली, विमा उतरवलेली गाडीही नाही. त्यामुळे तुमचा पीआयपी अमर्याद असला तरी २०१९ च्या बदलांनंतर त्यांना त्यातून काही मिळत नाही. ते विमानात बसायच्या आधी त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स घ्या. प्रत्येक उपचाराला ठरावीकच रक्कम देणारा फिक्स्ड बेनिफिटवाला नको, कॉम्प्रिहेन्सिव्ह (व्यापक) घ्या, आणि वाहन अपघात त्यात धरलाय का हे पॉलिसीच्या कागदात स्वतः वाचून बघा.