टीमच्या टी-शर्टवर पिसांचा मुकुट घातलेला ‘रेड इंडियन’ छापला तर काय बिघडतं?

बिघडतं. आमच्या इंदूरच्या भाच्यानं टर्फ क्रिकेटच्या टीमसाठी हेच चित्र आणलं होतं: लाल चेहरा, वाकडं नाक, डोक्यावर पिसंच पिसं. मी एवढंच विचारलं, परदेशातल्या एखाद्या संघानं जिरेटोप घातलेला, दात विचकणारा कार्टून छातीवर छापला तर? गडी गप्प.

अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या अनेक मूळनिवासी (ज्यांना आपण ‘रेड इंडियन’ म्हणतो) जमातींत गरुडाचं पीस पराक्रम करून कमवावं लागतं, दुकानातून आणत नाहीत. क्लीव्हलँडच्या बेसबॉल संघानं असलाच लालतोंड्या ‘चीफ वाहू’ 2019 पासून गणवेशावरून काढला आणि पुढे ‘इंडियन्स’ नावही टाकून 2022 मध्ये ‘गार्डियन्स’ झाला. अटलांटाच्या बेसबॉल संघाचे प्रेक्षक मात्र अजूनही हात कुऱ्हाडीसारखे हलवत ओरडतात. सगळीकडे नकारच आहे असंही नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ ‘सेमिनोल’ नाव वापरतं, ते फ्लोरिडातल्या सेमिनोल जमातीच्या संमतीनं. म्हणजे मुद्दा विचारण्याचा आहे.

‘मग आपला होळकर संघ?’ असं भाच्यानं लगेच उलटं विचारलं. अरे, तो संघ खुद्द होळकर संस्थानाचाच! सी. के. नायडूंच्या काळात चार वेळा रणजी जिंकलेला. स्वतःचं नाव स्वतः लावणं वेगळं.

शेवटी टी-शर्टवर राजवाड्याचं सात मजली प्रवेशद्वार आलं. छपाईवाल्यानं एक मजला कमी काढलाय, पण ते चालतंय.