आद्य दीर्घिकांवर संशोधन म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

डिचोलीच्या बारावीतल्या मुलीला दीर्घिका (गॅलेक्सी) आणि तारकागुच्छांवर काम करायचंय. रात्रभर दुर्बिणीला डोळा लावावा लागेल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही हो. दिवसाचे बरेच तास संगणकासमोर, पायथन या संगणकभाषेत दुर्बिणींची निरीक्षणं तपासण्यात जातात. पहिल्या दीर्घिकांचा अतिनील प्रकाश विश्वाच्या प्रसरणाने ताणला जाऊन आपल्यापर्यंत अवरक्त (इन्फ्रारेड) होऊन येतो, आणि तो वातावरणात बराचसा अडतो, म्हणून जेम्स वेब दुर्बिणीचा ६.५ मीटरचा आरसा अवकाशात न्यावा लागला. २०२४ मध्ये तिच्या वर्णपटांतून महास्फोटानंतर जेमतेम २९ कोटी वर्षांनीची दीर्घिका सापडली. त्याच वर्षी, वाटेतल्या दीर्घिकासमूहाने भिंगासारखा प्रकाश वाकवल्यामुळे, महास्फोटानंतर ४६ कोटी वर्षांच्या सुमाराचे पाच तारकागुच्छ सुटे दिसले. आपल्या आकाशगंगेतले जुने गोलाकार गुच्छ अशांतूनच उरले असावेत का? मला तरी हाच प्रश्न सगळ्यात रंजक वाटतो.

वाट साधी, पण लांब: भौतिकशास्त्रात बीएस्सी, मग एमएस्सी (ताळगावच्या गोवा विद्यापीठातही होते), जेस्टसारखी प्रवेश परीक्षा, पुण्याच्या आयुका किंवा एनसीआरए या खगोल संशोधन संस्थांत पाचेक वर्षांची पीएचडी. पुढे दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन) नोकऱ्या, बहुधा परदेशात. कायम जागा कमी, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. गणित आवडत नसेल तर मात्र अवघड आहे.

आणि मे महिन्यात पावसाआधी, रात्री दहाच्या सुमारास, तिला दक्षिणेकडे ओमेगा सेंटॉरी हा असाच एक गोलाकार गुच्छ दाखवा. अंधाऱ्या जागेहून नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपका दिसतो. त्यात सुमारे १ कोटी तारे आहेत.