फुलोऱ्यात टोमॅटोच्या पानांवर डाग आलेत, कोणतं खत वाढवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 15 लिटरच्या कुंड्यांमधले टोमॅटो फुलावर आलेत. खालची पानं पिवळी पडून त्यांवर तपकिरी डाग दिसतायत, काही पानांच्या कडा करपल्यात, शेंडा मात्र हिरवागार आहे. फुलं भरपूर लागावीत म्हणून तुम्ही दर तिसऱ्या दिवशी लिटरला 5 ग्रॅम 0:52:34 खत (नत्र म्हणजे नायट्रोजन 0, स्फुरद म्हणजे फॉस्फरस 52, पालाश म्हणजे पोटॅश 34 टक्के) घालताय. एक जण म्हणतो मॅग्नेशियम कमी पडलंय, दुसरा म्हणतो करपा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग आहे.

माझं मत सांगतो. बहुतेक दोघांचंही बरोबर आहे, आणि मॅग्नेशियमची कमतरता तुमच्या खतानेच आणली आहे. म्हणून आज कुंडीत काहीही घालू नका. मीही फुलोऱ्यात पहिली काही वर्षं हेच केलं: पान पिवळं दिसलं की खत, आणखी पिवळं झालं की आणखी खत. त्यात चांगली वाढलेली झाडं ऐन फळधारणेत गेली, त्याची हळहळ अजून वाटते.

झाडाकडे बघताना पहिला प्रश्न डाग कसा आहे हा नाही, तो कुठल्या पानावर आहे हा आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या आत फिरू शकतात. तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढून शेंड्याला आणि फळांना पुरवतं, त्यामुळे खालची पानं आधी उतरतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांना असं हलता येत नाही. त्यांची कमतरता नव्या पानांवर, शेंड्यावर दिसते. नुसत्या या एका फरकाने अर्धं निदान होतं. तुमचा शेंडा हिरवागार आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे लोहाचा आणि कॅल्शियमचा विषय इथेच सोडून देऊ.

आता खालचं एक पिवळं पान तोडा आणि उजेडासमोर धरा. सगळं पान सारखंच फिकट असेल तर नत्र कमी आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जणू पिवळ्या कापडावर हिरवी जाळी काढली आहे, असं असेल तर मॅग्नेशियम. कडेपासून आत करपत आलं असेल तर एरवी पालाशची कमतरता म्हणतात, पण 0:52:34 मध्ये 34 टक्के पालाश असतं आणि तुम्ही ते आठवड्यात दोनदा घालताय. तुमच्याकडे पालाश कमी असणं मला शक्य वाटत नाही. ती कड क्षारांनी जळलेली असणार. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरी खरपुडी बसली आहे का, तेवढं बघा.

पालाश जास्त झालं की मुळं मॅग्नेशियम कमी उचलतात. मातीत मॅग्नेशियम असतं, पण झाडाच्या हाती लागत नाही. ‘फुलांचं खत’ म्हणून विकली जाणारी बहुतेक खतं स्फुरद आणि पालाशने भरलेली असतात, आणि कुंडीतली माती एवढीशी, त्यामुळे हा घोळ जमिनीपेक्षा कुंडीत फार लवकर होतो. मोठमोठ्याने फुलं मागितली म्हणून झाड जास्त फुलत नाही.

डागांचं वेगळं. अन्नद्रव्याची लक्षणं साधारण सारखेपणाने येतात: देठाच्या दोन्ही बाजूंना, एकाच वयाच्या पानांवर, शिरांचा मान राखून. रोगाचा डाग कुठेही पडतो आणि शिरा ओलांडून पसरतो. भिंग असेल तर घ्या, नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करा. डागात झाडाच्या खोडातल्या वर्षवलयांसारखी एकात एक वर्तुळं आणि भोवती पिवळी कड दिसली तर तो लवकर येणारा करपा, अल्टरनेरिया बुरशीचा. डाग दोन-तीन मिलिमीटरचे, गोल, मध्ये राखाडी आणि त्यात सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके असतील तर सेप्टोरिया. दोन्ही खालून वर चढतात, म्हणूनच कमतरतेशी त्यांची गल्लत होते.

अजून एक, मिनिटभराचं काम. पांढरा कागद पानाखाली धरून पान टिचकीने झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर ती कोळी कीड आहे, आणि मग पानावरचे बारीक पिवळट टिपके खताने कधीच जाणार नाहीत.

तुमच्या जागी मी असतो तर आधी कुंडीची निचऱ्याची भोकं मोकळी केली असती. मग कडेची माती चमच्याने थोडी बाजूला करून मुळं बघितली असती. पांढरी, कडक मुळं असतील तर चांगलं. तपकिरी, बुळबुळीत आणि कुबट वासाची असतील तर पाणी जास्त होतंय. तिथे खताची चर्चाच नको, आधी माती सुकू द्या. मुळं ठीक असतील तर कुंडीच्या दुप्पट, म्हणजे 30 लिटरच्या आसपास साधं पाणी हळूहळू, थांबत थांबत सोडा आणि खालून वाहून जाऊ द्या. साचलेले क्षार त्याबरोबर निघून जातात. त्यानंतर वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होईपर्यंत, पाणी नाही.

डाग असलेली खालची पानं कात्रीने काढा, पण एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. ती कुंडीत टाकू नका, कारण बुरशी त्याच कचऱ्यावर टिकते आणि पाण्याच्या शिंतोड्यांनी परत पानावर येते. मातीवर वाळलेल्या पानांचं किंवा पेंढ्याचं आच्छादन घातलं की हे शिंतोडे थांबतात. पाणी सकाळी आणि बुंध्याशीच घाला. रात्रभर ओली राहिलेली पानं करप्याला फार आवडतात. तरीही डाग वर चढत राहिले तरच टोमॅटोसाठी मान्य असलेलं बुरशीनाशक लेबलवरच्या मात्रेनेच वापरा, संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जायला हवेत तेही लेबलवर असतं. घरात खायची फळं आहेत, ते दिवस पाळाच.

मॅग्नेशियमसाठी चार-पाच दिवसांनी लिटरला 10 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट पानांवर फवारा. मुळांकडची अडचण टाळून ते थेट पानात जातं. बुरशीनाशक आणि हे एकाच दिवशी नको, नाहीतर कशाने फरक पडला ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

पिवळी झालेली पानं पुन्हा पूर्ण हिरवी होतील अशी आशा धरू नका, डाग तर जाणारच नाहीत. बघायचं ते त्यांच्या वरच्या दोन पानांकडे. आजच एका झाडावर, जिथपर्यंत पिवळेपणा आलाय त्या देठाला दोरा बांधून ठेवा आणि दहा दिवसांनी बघा. पिवळेपणा दोऱ्याच्या वर गेला नसेल तर खत पुन्हा सुरू करा, पण नत्र-स्फुरद-पालाश सारखं असलेलं, लिटरला 1 ग्रॅम, आठवड्यातून एकदा. वर गेला असेल तर त्या पानाचा पुढून आणि मागून असे दोन फोटो इथेच टाका, मी बघतो.