नोंदणी आणि धनादेश यांच्या मधले दिवस

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचे गृहकर्ज मंजूर झाल्याचे कळले आणि मंजुरीपत्राचा फोटो पाहून आनंद झाला; पण त्याच फोटोखाली ‘आता पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन उरकून टाकतो’ असे जे तू लिहिले आहेस, ते वाचल्यावर पेढ्यांची वाट न पाहता हे पत्र लिहायला बसलो.

मंजुरीपत्राचे दुसरे पान उघड. पहिल्या पानावर तुमची नावे, 64 लाखांचा आकडा आणि व्याजदर असतो, म्हणून सगळे तेवढेच वाचतात. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की ही मंजुरी मालमत्तेच्या कायदेशीर व तांत्रिक तपासणीच्या अधीन आहे, अर्जदाराच्या परिस्थितीत बदल झाल्यास बँक फेरविचार करू शकते आणि ठरावीक महिन्यांत रक्कम उचलली नाही तर मंजुरी आपोआप रद्द होते. याचा अर्थ असा की बँकेने आतापर्यंत फक्त तुम्हा दोघांचा पगार तपासला आहे. घर अजून तिने पाहिलेलेच नाही.

आपल्याकडची रीत अशी की खरेदीदाराने आधी स्वतःचा हिस्सा भरायचा, मुद्रांक शुल्क भरून करार नोंदवायचा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडून मिळणारा नोंदणीचा उतारा) आणि मूळ करार बँकेत जमा करायचा आणि मग बँकेचा धनादेश निघायचा. पुण्यात तुमच्यासारख्या 80 लाखांच्या फ्लॅटवर सात टक्क्यांनी 5 लाख 60 हजार मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी होते. (केवळ तुझ्या एकटीच्या नावावर घेतलात तर एक टक्का सवलत मिळेल, पण तो घरातल्या चर्चेचा विषय आहे; त्यात मी पडत नाही.) शुल्क आणि फीची ही रक्कम रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीत धरली जात नाही, म्हणजे ती पूर्णपणे तुमच्या खिशातून जाते. नोंदणी झाल्यावर बँकेने हात आखडता घेतला, तर हे पैसे गेलेले असतात, तुमचा हिस्सा विक्रेत्याच्या खात्यात पोहोचलेला असतो आणि करारात ठरलेली मुदत उलटत असते. रद्दलेख (करार रद्द करण्याचा दस्त) करून शुल्काचा परतावा मागण्याची सोय कायद्यात आहे, परंतु तिच्या अटी, मुदती आणि कपात पाहता तिच्या भरवशावर कोणी पाऊल टाकू नये.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या बँकेतल्या नोकरीतील एका जोडप्याची फाइल मला अजून आठवते. जुन्या इमारतीतील सातव्या मजल्यावरचा फ्लॅट होता. दोघांचे पगार उत्तम, सिबिल (कर्जफेडीच्या शिस्तीचे गुण) उत्तम, मंजुरीपत्रावर सही माझीच. बँकेच्या वकिलांचा अहवाल यायचा होता, पण विक्रेत्याला घाई होती आणि ‘करून टाका, काळजी करू नका’ हे वाक्य माझ्याच तोंडून गेले. नोंदणी झाली. त्यानंतर पाच आठवड्यांनी वकिलांचा अहवाल आला, त्यात मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली अधिकृत परवानगी) सहाव्या मजल्यापर्यंतचेच असल्याचे लिहिले होते. बँकेने कर्ज नाकारले, आणि नियमाने तेच योग्य होते. त्या बाई माझ्या टेबलासमोर बसून प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून मुद्रांक शुल्काची पावती काढून पुन्हा पुन्हा घडी घालीत होत्या. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

सर्वांत जास्त वेळा व्यवहार अडतो तो मूल्यांकनावर. बँक कर्ज देताना कराराची किंमत आणि तिच्या मूल्यांककाने काढलेली किंमत यांपैकी कमी असेल ती धरते आणि 30 ते 75 लाखांच्या कर्जाला त्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते. तुमचा फ्लॅट मूल्यांककाने 72 लाखांचा ठरवला, तर कर्ज 64 लाखांऐवजी 57 लाख 60 हजारांचे होईल आणि उरलेले 6 लाख 40 हजार तुम्हाला आठवड्याभरात उभे करावे लागतील. मंजुरी कायम असूनही व्यवहार मोडतो, तो असा. बंदिस्त करून खोलीत घेतलेली बाल्कनी धरून विक्रेता क्षेत्रफळ वाढवून सांगतो. मूल्यांकक मात्र मंजूर नकाशा पाहतो.

दुसरे कारण तुमच्याच हातातले आहे. धनादेश निघण्यापूर्वी बँक पुष्कळदा सिबिल पुन्हा पाहते आणि जानेवारी 2025 पासून कर्जाची माहिती सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे निदान दर पंधरवड्याला जात असल्यामुळे नव्या घरासाठी हप्त्यावर घेतलेला सोफा धनादेशाच्या आधी तिथे पोहोचलेला असतो. नोकरी बदलायची असेल तर चावी हातात आल्यावर बदला. जास्त पगाराची नोकरी असली तरी परिवीक्षाकाळ (नव्या नोकरीतला चाचणीचा काळ) बँकेला आवडत नाही. व्याजदर मात्र तुमच्या हातात नाही आणि तोही मंजुरीनंतर बदलू शकतो, कारण लागू होतो तो प्रायः रक्कम उचलण्याच्या दिवशीचा दर. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर गेला, तेव्हा वीस वर्षांच्या कर्जाचा लाखामागचा हप्ता 6.75 टक्के दराने सुमारे 760 रुपये होता, तो 9.25 टक्क्यांना 916 वर पोहोचला. जुन्या दराने काठावर बसलेल्या अर्जदारांची पात्रता कागदावरच घटली.

म्हणून क्रम बदल. नोंदणीची तारीख घेण्याआधी कराराचा मसुदा आणि विक्रेत्याच्या कागदांच्या प्रती बँकेला दे, वकिलांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) आणि मूल्यांककाची भेट आधी होऊ दे आणि दोन्ही अहवाल अनुकूल असल्याचे बँकेकडून ईमेलवर मागून घे. शाखेतल्या मुलाचे फोनवरचे ‘हो मॅडम’ चालणार नाही. विक्रेत्याचे स्वतःचे कर्ज असेल, तर त्याच्या बँकेकडून थकबाकीचे पत्र आणि तिथे जमा असलेल्या कागदांची यादीही घे. विसारपावतीत (आगाऊ रक्कम देताना करायच्या कागदात) लिहून घे की मालमत्तेचे कागद किंवा मूल्यांकन यांमुळे कर्ज नाकारले गेले तर विसाराची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत मिळेल. एजंट म्हणेल, असे कोणी लिहीत नाही. त्याची दलाली नोंदणीच्या दिवशी मिळते, हे ध्यानात ठेवून त्याचे बोलणे ऐक. तुमच्या उत्पन्नातील दोषामुळे कर्ज नाकारले गेले तर विक्रेत्याने थोडी रक्कम ठेवून घ्यावी, हे मात्र मान्य कर. त्याचेही दोन महिने वाया गेलेले असतात.

एवढे करूनही नकार आलाच तर कारण लेखी माग. अर्ज नाकारल्याची मुख्य कारणे लेखी कळवणे हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेवर बंधनकारक आहे, मग कर्ज कितीही रकमेचे असो. कारण पगाराशी किंवा सिबिलशी निगडित असेल तर दुसरी बँक गाठ. मूल्यांकनाचे असेल तर फेरमूल्यांकन माग, नाहीतर तोच अहवाल पुढे ठेवून विक्रेत्याशी किमतीवर बोल. पण कारण इमारतीच्या किंवा मालकीच्या कागदांचे असेल तर कर्ज देणारी एखादी ढिली संस्था शोधत बसू नकोस. दुसरे घर बघ. बँकेच्या त्या वकिलाने तुमच्याच पैशाने तुमच्याचसाठी काम केले आहे.

नोंदणीची वेळ घेतली असेल तर पुढे ढकल आणि विक्रेत्याला मोकळेपणाने कारण सांग. शनिवारी दोघे सकाळी घरी या. येताना विसारपावतीचा मसुदा, विक्रेत्याच्या कराराची प्रत आणि सोसायटीकडून भोगवटा प्रमाणपत्राची प्रत घेऊन या. तुमचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे असे म्हणालीस, तर त्या प्रमाणपत्रावर किती मजले लिहिले आहेत ते मला आधी पाहायचे आहे.

तुझा,
काका